गिटच्या एका ऑप्शनचा रिव्ह्यू: फाइलचे नाव मराठी, स्क्रीनवर मात्र आकडे

नवी मुंबई महापालिकेची आठ विभाग कार्यालये आहेत: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. समजा, एखाद्या टीमने प्रत्येक विभागाच्या माहितीची फाइल त्या विभागाच्या नावाने, देवनागरीत ठेवली. आठही फायलींत थोडे थोडे बदल करून गिटची (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) गिट स्टेटस ही, बदललेल्या फायलींची यादी देणारी आज्ञा चालवली, तर एकही नाव वाचता येत नाही. ‘कोपरखैरणे’ या नावात नऊ युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले २७ बाइट. गिट यातला प्रत्येक बाइट एक उलटी तिरकी रेघ आणि तीन आकडे असा लिहून दाखवते. २७ चोक १०८ खुणा, आणि दोन्ही टोकांना अवतरणचिन्हे. अशा आठ ओळी एकाखाली एक आल्या की घणसोली कुठली आणि दिघा कुठला, हे ओळींच्या लांबीवरूनच ताडायचे.

यात बिघाड काही नाही. गिटमध्ये कोअर.क्वोटपाथ नावाचे सेटिंग आहे आणि ते मुळात ट्रू असते. ते ट्रू असताना ॲस्कीच्या (साध्या इंग्रजी अक्षरांच्या संचाच्या) पलीकडचा प्रत्येक बाइट ‘नेहमीचा नाही’ असा धरला जातो आणि अष्टमान पद्धतीच्या आकड्यांत छापला जातो; यालाच क्वोट करणे म्हणतात. सेटिंग फॉल्स केले की मराठी नावे मराठीत दिसू लागतात. (या लेखात आज्ञा आणि ऑप्शन उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे.)

आता सरावापुरता एक बदल कल्पू. कोणीतरी गिटच्या कोडमध्ये गिट स्टेटससाठी नवा ऑप्शन जोडला आहे: --क्वोट-पाथ, आणि त्याचा उलटा --नो-क्वोट-पाथ. सेटिंगला हात न लावता, फक्त त्या एका वेळेपुरते नाव वाचता यावे हा हेतू. कोड मिळून पंचवीस-तीस ओळींचा. तो तपासायला तुमच्याकडे आला आहे. काय बघायचे, आणि कुठल्या क्रमाने?

ऑप्शनचा रिव्ह्यू बाकीच्या कोडच्या रिव्ह्यूपेक्षा वेगळा का असतो, ते आधी सांगायला हवे. आतले फंक्शन पुढच्या महिन्यात बदलता येते, बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. ऑप्शन मात्र बाहेर जातो. लोक तो स्क्रिप्टमध्ये घालतात, एलियसमध्ये (लांब आज्ञेला दिलेल्या तोकड्या नावात) घालतात, रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत घालतात. ट्रान्स-हार्बरवर दिघा गाव स्थानक २०२४मध्ये सुरू झाले. आता त्या थांब्याच्या भरवशावर माणसांनी घरे आणि नोकऱ्या ठरवल्या, तो थांबा सहज काढता येणार नाही. ऑप्शनचेही तसेच. गिटने स्वतः हे किती सांभाळून केले आहे त्याचे उदाहरण म्हणजे पुश.डिफॉल्ट. नुसते गिट पुश (आपले बदल दुसऱ्या रेपॉझिटरीत पाठवणारी आज्ञा) म्हटल्यावर काय पुढे जावे, याचे उत्तर पूर्वी ‘मॅचिंग’ होते: दोन्हीकडे ज्या ज्या नावाच्या ब्रांच (कामाच्या वेगळ्या शाखा) आहेत त्या सगळ्या. नव्या माणसाच्या हातून यात नको त्या ब्रांच पुश व्हायच्या. म्हणून २०१२च्या जूनमध्ये १.७.११ आवृत्तीत ‘सिंपल’ ही सुरक्षित पद्धत आली. पण ती डिफॉल्ट झाली २०१४च्या मे महिन्यात, २.० आवृत्तीत. मधल्या काळात इशारे देऊन लोकांना तयार केले गेले. एक डिफॉल्ट बदलायला जवळपास दोन वर्षे.

म्हणून वाचायची दिशा बाहेरून आत अशी ठेवावी. आधी कमिट मेसेज (बदल नोंदवताना लिहिलेली टीप), मग डॉक्युमेंटेशन, मग टेस्ट, आणि शेवटी सी भाषेतला कोड. बहुतेक जण उलटे करतात. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) उघडला की सी फाइल समोर येते, तीच वाचायला घेतात, आणि लेखकाच्या विचाराची गाडी पकडून त्याच स्टेशनावर उतरतात. कोड वाचण्याआधी ‘हा ऑप्शन कसा वागायला हवा’ हे स्वतःच्या मनाशी ठरलेले असेल तरच कोडमधली पोकळी दिसते.

ऑप्शन हवाच का

पहिला प्रश्न हाच, आणि तो विचारताना संकोच करू नये. कारण हेच काम आजही होते: गिट -सी कोअर.क्वोटपाथ=फॉल्स स्टेटस. इथे -सी हा गिट आणि स्टेटस यांच्या मध्ये येतो आणि त्या एका आज्ञेपुरते सेटिंग बदलतो. मग नवा ऑप्शन कशाला? कमिट मेसेजमध्ये याचे उत्तर सापडायला हवे. ‘टाइप करायला लांब पडते’ हे उत्तर पुरेसे नाही. त्यासाठी एलियस आहे. ‘सेटिंगचे नाव माहीत नसलेल्या माणसाला गिट स्टेटसच्या मदतीच्या पानावरच हा उपाय दिसेल’ हे उत्तर बरे आहे, कारण मराठी, हिंदी, जपानी किंवा रशियन नावांच्या फायली असलेल्या माणसाला आकडे दिसले की तो आधी स्टेटसचेच पान उघडणार.

चांगल्या कमिट मेसेजमध्ये आधी आज काय होते ते असते, मग त्यात अडचण काय, मग हा बदल ती कशी सोडवतो, आणि दुसरा कुठला मार्ग सुचला होता व तो का घेतला नाही. गिटच्या प्रकल्पात मेसेजची पहिली ओळ भागाच्या नावाने सुरू होते, जसे ‘स्टेटस:’, आणि साधारण पन्नास अक्षरांत आटोपते. खाली साइन्ड-ऑफ-बाय ओळ हवी. हे काम देण्याचा आपल्याला हक्क आहे अशी ती ग्वाही असते. मेसेजमध्ये -सीचा उल्लेखच नसेल, तर पुढचा कोड वाचण्याआधी तेवढे विचारून घ्यावे. उत्तर पटले नाही तर बाकीचा वेळ वाचतो, लेखकाचाही.

नावातली गोम

गिटमध्ये ऑप्शन वाचण्याचे काम पार्स-ऑप्शन्स नावाचा सामायिक भाग करतो. तो २००७मध्ये आला. तो दोन गोष्टी न मागता देतो, आणि दोन्हींचा रिव्ह्यूशी संबंध आहे.

एक, लांब ऑप्शनचे नाव अर्धवट लिहिले तरी चालते, फक्त त्या सुरुवातीचा दुसरा ऑप्शन नको. म्हणजे नवा ऑप्शन जोडल्याने जुन्या ऑप्शनचे कोणीतरी वापरत असलेले तोकडे रूप मोडू शकते. स्टेटसमध्ये ‘क्यू’ने सुरू होणारा दुसरा ऑप्शन नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण हाच ऑप्शन गिट डिफमध्येही द्यावा असे कोणी सुचवले, तर तिथे --क्वाएट आधीपासून आहे. दोन्हींची पहिली दोन इंग्रजी अक्षरे एकच. आजवर तेवढी दोनच अक्षरे लिहून भागवणाऱ्याची आज्ञा ‘संदिग्ध ऑप्शन’ म्हणून १२९ या एक्झिट कोडने (प्रोग्रॅम संपताना देतो त्या आकड्याने) थांबेल. स्क्रिप्टमध्ये तोकडी नावे वापरू नयेत हे खरे. तरीही हे घडणार आहे हे रिव्ह्यूमध्ये लिहून ठेवायचे असते.

दोन, हो-नाही प्रकारच्या ऑप्शनचे ‘नो-’ रूप आपोआप तयार होते. म्हणून नाव होकारार्थी ठेवावे. कोणी ऑप्शनचे मूळ नाव --रॉ-पाथ ठेवले असते, तर --नो-रॉ-पाथ म्हणजे क्वोट करा असा अर्थ निघाला असता, आणि कोअर.क्वोटपाथ=ट्रूच्या शेजारी ते वाचताना प्रत्येकाला क्षणभर थांबावे लागले असते. सेटिंग आणि ऑप्शन यांची दिशा एकच असावी. या बदलात ती आहे. नाव ठीक आहे, पुढे चला.

तीन अवस्था, नऊ घरे

इथे मात्र थांबायचे. अशा बदलांतली सर्वात जास्त सापडणारी चूक इथेच असते.

हो-नाही ऑप्शन दिसायला दोन अवस्थांचा. प्रत्यक्षात तीन असतात: हो म्हटले, नाही म्हटले, आणि काहीच म्हटले नाही. सेटिंगच्याही तीनच: ट्रू, फॉल्स, आणि ठेवलेलेच नाही. कागदावर तीन बाय तीनचा तक्ता काढा. वरच्या रांगेत सेटिंग, डाव्या बाजूला ऑप्शन. ऑप्शन --क्वोट-पाथ असेल तर सेटिंग काहीही असो, आकडे दिसायला हवेत. --नो-क्वोट-पाथ असेल तर तिन्ही घरांत नाव दिसायला हवे. ऑप्शनच दिला नसेल तर सेटिंगचे चालेल: ठेवलेले नसेल तर आकडे, ट्रू असेल तर आकडे, फॉल्स असेल तर नाव.

आता कोडकडे वळा. लेखकाने एक इंट (पूर्णांक) व्हेरिएबल घेतले, त्याला सुरुवातीची किंमत १ दिली, पार्स-ऑप्शन्सला त्याचा पत्ता दिला, आणि पार्सिंग झाल्यावर ती किंमत जशीच्या तशी क्वोट_पाथ_फुली या व्हेरिएबलमध्ये टाकली. तक्त्यावर लावून पाहा. नवातली आठ घरे बरोबर येतात. चुकते ते एकच: सेटिंग फॉल्स, ऑप्शन काही नाही. तिथे नाव दिसायला हवे होते, दिसतात आकडे. म्हणजे ज्यांनी मराठी नावे दिसावीत म्हणून मुद्दाम सेटिंग करून ठेवले, नेमके त्यांचेच सेटिंग नवी आवृत्ती बसवल्यावर निकामी होते, आणि तेही त्यांनी नवा ऑप्शन कधी वापरला नसताना. लेखकाच्या स्वतःच्या मशीनवर सेटिंग नसेल तर त्याला हे दिसणारच नाही. सुरुवातीची किंमत ० ठेवली तर चुकणारी घरे दोन होतात, पण ती चूक लगेच नजरेत भरते, कारण ज्याने काहीच केले नाही त्याचेही आउटपुट बदलते. १ ठेवण्याची चूक लपून राहते, म्हणून ती जास्त घातक.

उपाय जुना आणि गिटच्या कोडमध्ये ठिकठिकाणी दिसणारा आहे: सुरुवात -१ने करायची, म्हणजे ‘काहीच सांगितले नाही’. पार्सिंगनंतर किंमत ० किंवा १ असेल तरच मूळ व्हेरिएबलला हात लावायचा. ओळ एकच वाढते.

तिथेच आणखी एक गोष्ट बघावी. हो-नाही ऑप्शनसाठी दिलेले व्हेरिएबल परंपरेने इंट असावे लागते. पत्ता व्हॉइड पॉइंटरमधून जात असल्याने कंपायलर तक्रार करत नाही. कोणी एका बाइटचे व्हेरिएबल दिले तर शेजारच्या मेमरीवर लिहिले जाऊ शकते. रिव्ह्यू करताना व्हेरिएबलचा प्रकार डोळ्याने तपासायला दोन सेकंद लागतात.

क्रम, आणि ग्लोबल व्हेरिएबल

गिट सेटिंग अनेक ठिकाणांहून वाचते: आधी पूर्ण मशीनचे, मग वापरणाऱ्याचे, मग त्या रेपॉझिटरीचे, शेवटी -सीने दिलेले. नंतर वाचलेले आधीच्यावर मात करते. आणि कमांड लाइनवरचा ऑप्शन या सगळ्यांच्या वर असायला हवा. हे साधते ते केवळ क्रमामुळे. आधी सेटिंग वाचायचे, मग ऑप्शन. म्हणून रिव्ह्यूमध्ये पाहायचे, की पार्सिंगच्या खाली कुठे सेटिंग वाचणारे फंक्शन पुन्हा बोलावले जात नाही ना. जात असेल, तर ऑप्शनने लिहिलेली किंमत चुपचाप पुसली जाईल.

दुसरी बाब व्याप्तीची. क्वोट_पाथ_फुली हे व्हेरिएबल या कोडमध्ये वर्षानुवर्षे ग्लोबल (सगळ्या कोडला सामायिक) राहिले आहे. ते बदलले की त्या प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये) जिथे जिथे फाइलचे नाव छापले जाते तिथे सगळीकडे परिणाम होतो. गिट स्टेटस -व्ही म्हटले की खाली डिफही छापला जातो, आणि त्या डिफच्या शीर्षकातली नावेही आता उघडी दिसतील. हे बहुधा हवेच आहे, कारण गिट अप्लाय दोन्ही प्रकारची नावे वाचू शकते. पण ‘बहुधा हवे’ आणि ‘विचार करून ठरवले’ यांत फरक आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये तसे लिहिलेले नसेल तर विचारावे.

उलट बाजूने, ग्लोबल व्हेरिएबल प्रोसेसच्या बाहेर जात नाही. गिट आतल्या आत दुसरी गिट आज्ञा चालवते तेव्हा ती नवी प्रोसेस असते. -सीने दिलेले सेटिंग एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमधून पुढे पोचवण्याची सोय आहे. ऑप्शनने बदललेले ग्लोबल व्हेरिएबल तसे पोचत नाही. म्हणजे -सी आणि नवा ऑप्शन सगळीकडे समान नाहीत. कमिट मेसेजमध्ये ‘हे -सीसारखेच आहे’ असे लिहिले असेल तर ते वाक्य दुरुस्त करायला सांगा.

आणि स्टेटसचा कोड गिट कमिटच्याच फाइलमध्ये राहतो. कमिट मेसेज लिहायला एडिटर उघडतो तेव्हा खाली शेरे म्हणून दिसणारी फायलींची यादी त्याच यंत्रणेतून येते. ऑप्शन फक्त स्टेटसला दिला, कमिटला नाही, हे चालेल; मात्र तो चुकून दोन्हींच्या यादीत गेला नाही ना, ते बघा.

एकमेकांशी न पटणारे ऑप्शन

गिट स्टेटसला -झेड दिले की नावे काहीही क्वोट न करता, शून्य बाइटने वेगळी करून येतात. स्क्रिप्टसाठी ते सर्वात भरवशाचे. मग -झेडसोबत --नो-क्वोट-पाथ आले तर? दोघांचे म्हणणे एकच. मुकाट्याने चालू द्यावे. -झेडसोबत --क्वोट-पाथ? यात विरोध आहे. इथे एक गप्प बसून दुसऱ्याचे ऐकणे वाईट, कारण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला वाटेल की क्वोटिंग झाले आहे. ‘हे दोन ऑप्शन एकत्र वापरता येत नाहीत’ असा संदेश देऊन थांबावे. त्यासाठी तयार फंक्शन आहे, नवा मजकूर घडवायचे कारण नाही. तयार मजकुराचे भाषांतरही झालेले असते.

--पोर्सेलिनचे काय? हे आउटपुट स्क्रिप्टने वाचण्यासाठी, आवृत्ती बदलली तरी तसेच राहावे म्हणून दिलेले आहे. तरीही त्यातली नावे कोअर.क्वोटपाथप्रमाणे क्वोट होतात, आणि तसे मदतीच्या पानावर लिहिलेलेही आहे. म्हणून नवा ऑप्शन तिथेही लागू होणे सुसंगत. ऑप्शन न दिल्यास पोर्सेलिनचा एक बाइटही बदलता कामा नये; यावर तडजोड नाही.

‘ऱ्य’ची कसोटी

रिव्ह्यू सुरू असताना कोणीतरी म्हणेल, की मराठी दिसते तर मग डिफॉल्टच फॉल्स करून टाका ना. मागणी रास्त वाटते. तरी ती याच बदलात आणू नये, आणि त्याचे एक कारण आपल्या लिपीतच आहे.

‘शेतकऱ्यांच्या-तक्रारी’ असे फाइलचे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलंत आणि य. दोन, साधा र, हलंत, मध्ये न दिसणारे जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर), आणि य. तीन, र आणि नुक्ता मिळून ‘ऱ’, मग हलंत, य. युनिकोडच्या नियमाने ‘ऱ’चे तुकडे केले की हेच मिळते, आणि मॅकच्या जुन्या फाइल सिस्टिमवर नावे अशी तुकडे होऊनच साठायची. (गिटमध्ये मॅकपुरते कोअर.प्रीकंपोजयुनिकोड हे सेटिंग त्यासाठीच आहे.) बहुतेक फॉन्टमध्ये तिन्ही सारखीच दिसतात. गिटच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या फायली.

म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून ‘तीच’ फाइल केली, तर --नो-क्वोट-पाथने स्टेटसमध्ये एकच नाव दोनदा दिसेल आणि का ते कळणार नाही. आकडे चालू ठेवले तर कळते: एकात ३४०, २४४, २६१ दिसेल, तो ‘ऱ’, दुसऱ्यात ३४०, २४४, २६० म्हणजे र, आणि पुढे ३४२, २००, २१५, ते न दिसणारे जोडचिन्ह. तेव्हा आकड्यांचे आउटपुट कुरूप असले तरी निरुपयोगी नाही. न दिसणाऱ्या चिन्हांचा गैरवापरही होतो. २०२१मध्ये ‘ट्रोजन सोर्स’ नावाने उघड झालेल्या प्रकारात उजवीकडून-डावीकडे फिरवणारी अदृश्य चिन्हे घालून कोड वेगळाच भासवता येतो हे दाखवले गेले. फाइलच्या नावातही ही चिन्हे बसू शकतात. डिफॉल्ट बदलायचे तर या सगळ्याचा स्वतंत्र विचार, स्वतंत्र बदल आणि इशाऱ्यांचा काळ हवा. नव्या ऑप्शनच्या मदतीच्या मजकुरात मात्र एक वाक्य जरूर असावे: सारखी दिसणारी नावे वेगळी ओळखायची असतील तर --क्वोट-पाथ वापरा.

आणि क्वोटिंग बंद केले तरी सगळे उघडे होत नाही, होऊही नये. दुहेरी अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ आणि टॅब, नवी ओळ अशी नियंत्रक चिन्हे सेटिंग फॉल्स असतानाही क्वोट होतातच. नाहीतर नावात नवी ओळ घालून कोणी स्टेटसमध्ये खोटी ओळ उभी करू शकेल. नव्या ऑप्शनच्या टेस्टमध्ये हे तपासलेले हवे.

हाताने चालवून पाहणे

नुसते वाचून रिव्ह्यू पुरा होत नाही. आपले चालू काम बाजूला न सारता गिट वर्कट्री ॲडने ती ब्रांच वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. तिथे मेक डेव्हलपर=१ चालवा (मेक ही कोड कंपाइल करणारी आज्ञा); त्याने कंपायलरचे जास्तीचे इशारे चालू होतात आणि इशारा म्हणजे चूक धरली जाते. मशीनवर बसवायची गरज नाही. बिन-रॅपर्स फोल्डरमधले गिट वापरले की नवी आवृत्ती चालते.

मग टेस्ट. गिटच्या टेस्ट टी नावाच्या फोल्डरमध्ये असतात, नावात टी आणि चार आकडे. क्वोटिंगच्या टेस्ट ३९०२मध्ये आहेत, स्टेटसच्या ७५०८मध्ये. त्या फोल्डरमध्ये जाऊन तेवढीच फाइल -व्ही -आय देऊन चालवली तर तपशील दिसतो आणि पहिल्या अपयशाला थांबते.

टेस्ट वाचताना काही ठिकाणी हमखास अडकायला होते. गिटचे आउटपुट पाइपने ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला) दिले असेल तर गिट कोसळले तरी टेस्ट पास होते, कारण पाइपमध्ये डावीकडचा एक्झिट कोड हरवतो. आउटपुट आधी फाइलमध्ये घ्यायला सांगा. आज्ञा दोन अँडच्या साखळीने जोडलेल्या हव्यात. एक कडी सुटली तर मधले अपयश गिळले जाते. गिट आज्ञा नापास होणे अपेक्षित असेल तर उद्गारचिन्ह न वापरता टेस्ट_मस्ट_फेल वापरावे. ते ठरवून दिलेला नकार आणि प्रोग्रॅम कोसळणे यांत फरक करते. सेटिंग बदलायला टेस्ट_कॉन्फिग, म्हणजे टेस्ट संपताच सेटिंग मागे जाते. स्टेटसच्या टेस्टमध्ये आणखी एक जाळे असते: तुलनेसाठी केलेल्या एक्स्पेक्ट आणि ॲक्चुअल या फायली स्वतःच नव्या फायली म्हणून यादीत येतात, म्हणून त्या दुर्लक्षित यादीत टाकाव्या लागतात.

मराठी नाव टेस्टमध्ये थेट टाइप करू नये. प्रिंटएफला बाइटचे अष्टमान आकडे देऊन नाव तयार करावे. एडिटर किंवा कीबोर्डने ‘ऱ्य’चे बाइट बदलले तरी टेस्ट तीच राहते. टॅब किंवा अवतरणचिन्ह असलेली नावे विंडोजवर करताच येत नाहीत. त्या टेस्टला पूर्वअटीची खूण हवी.

शेवटी टेस्ट खरोखर राखण करतात का, ते पाहायला कोड मुद्दाम बिघडवा. -१च्या जागी १ करा, पुन्हा मेक, पुन्हा टेस्ट. सगळ्या हिरव्या राहिल्या तर वरच्या तक्त्यातले ते एक घर कोणी तपासलेलेच नाही. नऊच्या नऊ घरांसाठी नऊ टेस्ट नकोत. सेटिंग फॉल्स व ऑप्शन नाही, सेटिंग फॉल्स व --क्वोट-पाथ, सेटिंग नाही व --नो-क्वोट-पाथ, दोन्ही नाहीत, एवढ्या चारांत काम भागते.

हाताने पाहताना पेजरमध्ये (लांब आउटपुट पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नावाच्या जागी कोनी कंसांत ई०, ए४ असे काही दिसले तर बदलाला दोष देऊ नका. गिट नाव छापताना लोकेल (भाषा आणि लिपीचे सेटिंग) बघत नाही. ती खूण लेस या पेजरची आहे. लोकेल यूटीएफ-८ करा किंवा लेसकॅरसेट ठरवा, आणि परत बघा.

डॉक्युमेंटेशनचे फार नाही: गिट स्टेटसच्या पानावर ऑप्शनचे वर्णन, तिथून कोअर.क्वोटपाथकडे आणि तिकडून इकडे निर्देश, आणि -एचने दिसणारी एका ओळीची मदत. टॅब दाबून पुरे होणारे नाव पार्स-ऑप्शन्सच्या यादीतून आपोआप मिळते. तरी एकदा टॅब दाबून पाहा. बदल एकापेक्षा जास्त कमिटमध्ये असेल तर गिट रीबेस -एक्सने प्रत्येक कमिटवर मेक आणि टेस्ट चालवा. मधलाच कमिट कंपाइल होत नसेल तर पुढे कधी बायसेक्ट करणाऱ्याची (बिघाड कुठल्या कमिटने आला ते शोधणाऱ्याची) वाट तिथे अडते.

कॉमेंट लिहिताना

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ‘अरे, हे जरा बघ ना’ म्हणून भागते. लिहिलेली कॉमेंट मात्र उद्या तिसराच माणूस वाचणार असतो. ‘हे चुकीचे आहे’ याने कोणाचेच भले होत नाही. असे लिहावे: ‘इथे सुरुवातीची किंमत १ असल्याने, ज्याचे कोअर.क्वोटपाथ फॉल्स आहे त्याने ऑप्शन न देता स्टेटस चालवले तरी आकडे दिसतील. -१ ठेवून, ती बदलली असेल तरच पुढे लिहायचे का? या स्थितीची टेस्टही जोडावी.’ कुठली परिस्थिती, काय घडते, काय सुचवतो, तीनही आले. लिहिणारा तुमच्याहून पंधरा वर्षांनी ज्येष्ठ असला तरी ही कॉमेंट जशीच्या तशी चालते, कारण ती माणसाविषयी नाही.

अडवणारी बाब आणि आवडीची बाब यांत फरक स्पष्ट लिहा. तक्त्यातले चुकलेले घर, पोर्सेलिनचा बदललेला बाइट, कोअर.क्वोटपाथ फॉल्ससाठी टेस्ट नसणे, या अडवणाऱ्या बाबी. व्हेरिएबलचे नाव आणखी बरे होऊ शकले असते, ही आवड. ‘किरकोळ’ असे आधी लिहून मग सुचवा.

दुसरी आवृत्ती आली की सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचत बसू नका. गिट रेंज-डिफला कमिटची जुनी आणि नवी मालिका द्या. २०१८पासून ते गिटमध्येच आहे. दोन मालिकांतला फरक ते कमिटगणिक दाखवते, मेसेजमधला बदलही. सुचवलेले किती आले ते त्यात दिसते, आणि कोणीही न सुचवलेले काही मध्येच घुसले असेल तर तेही दिसते. अशा घुसलेल्या ओळींना मात्र पहिल्या वेळेइतकाच वेळ द्यावा लागतो.